जीववैविध्य, लोकजीवन आणि आपले कुरण

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सुवर्णमहोत्सव समितीने 'जैन धर्म आणि पर्यावरण' ह्या विषयावर बोलण्याची मला आज्ञा केली, तेव्हा प्रथम मी नकारच दिला होता. ह्या विषयावर आपण सर्वांनी पुष्कळ ऐकले आहे. षट्काय जीवांची गणना करावयाची, पाणी गाळून पिण्याची थोरवी सांगावयाची आणि आजचे विज्ञान जे सांगते ते आपल्या तीर्थंकरांनी केव्हाच सांगून ठेवले आहे असे म्हणून टाळ्या घ्यावयाच्या, असा त्याचा एक ठरीव साचा होऊन बसला आहे. मी शास्त्राभ्यासी नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून चाळीसहून अधिक वर्षे कापडाच्या पेढीवर बसलो आहे. मला कळतो तो जमाखर्च. यास्तव आज मी आपल्यापुढे जीवदयेचा जमाखर्च मांडणार आहे. त्यात खर्चाच्या बाजूला माझ्या स्वतःच्या नावावरही काही रकमा आहेत.

प्रारंभ एका शालीपासून करतो. १९८६ च्या डिसेंबर महिन्यात मालाच्या खरेदीसाठी मी दिल्लीस गेलो होतो. तेथील एका घाऊक व्यापाऱ्याने मला फिकट बदामी रंगाची एक शाल दाखविली. बोटातील अंगठी काढून त्याने ती संपूर्ण शाल अंगठीतून अलगद ओढून काढली. कापडातच वाढलेल्या माणसालाही विस्मय वाटावा असा तो तलमपणा होता. तिचे नाव शाहतूश. मी पहिला प्रश्न विचारला तो आपल्या संस्कारांना धरूनच होता, "ह्यात हिंसा तर नाही ना?" तो म्हणाला, "शेठजी, तिबेटच्या पठारावरचे हरीण झुडपांना अंग घासते. तेथे अडकलेले केस मेंढपाळ वेचून आणतात. प्राण्याला कोणी बोटसुद्धा लावीत नाही." माझे समाधान झाले. ऐपतीबाहेरची किंमत मोजून मी ती शाल आईसाठी घेऊन आलो. थंडीच्या दिवसांत पहाटेच्या सामायिकाला आई ती अंगावर घेऊन बसत असे, आणि उपाश्रयातील बायका कौतुकाने तिला हात लावून पाहत.

दहा-अकरा वर्षांनी एके दिवशी वर्तमानपत्रात वाचले की झुडपांवरच्या केसांची ती कथा निव्वळ बनावट आहे. त्या प्राण्याचे नाव चिरू. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर ह्यांनी तिबेटच्या चांगथांग पठारावर अनेक वर्षे हिंडून जी पाहणी केली, तीतून सत्य जगापुढे आले. चिरूला मारल्यावाचून ही लोकर मिळत नाही आणि एका शालीसाठी तीन ते पाच चिरू मारावे लागतात. धोक्यात आलेल्या वन्य जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा जो आंतरराष्ट्रीय करार 'साइट्स' ह्या नावाने ओळखला जातो, त्याने १९७९ मध्येच चिरूच्या लोकरीचा व्यापार पूर्णतः निषिद्ध ठरविला होता. आपल्या देशाच्या वन्यजीव कायद्याचे संरक्षणही त्यापूर्वीच त्याला मिळालेले होते. म्हणजे मी खरेदी केली तेव्हा तो व्यवहार धर्माने पाप होता आणि कायद्याने गुन्हाही होता. मी आईला सर्व सांगितले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने साध्वीजींकडे आलोयणा घेतली आणि त्या थंडीत, वयाच्या सत्तराव्या वर्षी, तेला केला. शाल मी वनखात्याच्या स्वाधीन केली.

ह्या घटनेतूनच मला ह्या विषयाचे वाचन करण्याची सवय लागली. प्रथम माझी समजूत साधी होती. प्राणी वाचवायचा असेल तर कडक बंदी घालावी, पहारा ठेवावा, संपले. चिरूच्या बाबतीत तसे झालेही. एकेकाळी दहा लाखांच्या आसपास असावेत असे ज्यांच्याविषयी मानले जाते, ते चिरू १९९० च्या दशकात पाऊण लाखाच्या घरात आले होते. चीनने पहारे वाढविले, काश्मीरमध्ये २००२ साली ही विणाई कायद्याने बंद झाली, आणि २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने चिरूला 'संकटग्रस्त' ह्या वर्गातून वर काढून कमी धोक्याच्या वर्गात घातले. बंदीने प्राणी वाचला हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याच जमाखर्चात दुसरीही एक नोंद आहे. काश्मीरमधील घराघरांतून ही लोकर चरख्यावर कातणाऱ्या स्त्रिया आणि पिढ्यान्‌पिढ्या ती विणणारे कारागीर ह्यांचे हात एका दिवसात रिकामे झाले. त्यांना फसविणारा दलाल दुसऱ्या मालाकडे वळला. व्यापारी नेहमीच वळतो, हे मी स्वानुभवाने सांगतो.

आता ह्याच्या उलट असलेले एक उदाहरण पाहा. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या साडेतीन हजार मीटरहून उंच पठारांवर विकुन्या नावाचा एक देखणा, सडपातळ, उंटाच्या कुळातील प्राणी राहतो. त्याची लोकर बारा-तेरा मायक्रॉनची, म्हणजे उत्तम पश्मिन्याहूनही तलम. आपल्या पेढीवर मेरिनो लोकरीचे सूट घेणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण अठरा-वीस मायक्रॉनचे कौतुक सांगतो, त्यावरून अंदाज करावा. इंका राजवटीत विकुन्याला मारण्यास सामान्य माणसाला सक्त मनाई होती. काही वर्षांच्या अंतराने एकेका प्रदेशाची पाळी येई. हजारो माणसे हातात हात घालून डोंगरउतारावर मोठे कडे करीत, कडे हळूहळू आवळीत आणि मधोमध आलेल्या विकुन्यांची लोकर कातरून त्यांना सोडून देत. ह्या प्रथेचे नाव चाक्कू. आपल्या कानाला ते भलतेच वाटते. परंतु विकुन्यापुरते बोलायचे तर त्या चाक्कूत सुरी नव्हती. (पूर्ण सत्य सांगावयाचे तर त्याच वेळी इतर काही प्राण्यांची शिकारही होत असे. ती प्रथा अहिंसेच्या तत्त्वातून आली होती असे म्हणण्याचा मोह आपण टाळावा.)

पुढे स्पॅनिश लोक बंदुका घेऊन आले. कातरण्यापेक्षा मारणे सोपे असते. लाखोंच्या संख्येतील विकुन्या १९६० च्या दशकात सुमारे दहा हजारांवर आले. १९६७ मध्ये पेरूने पम्पा गालेरास येथे राखीव क्षेत्र स्थापिले, १९६९ मध्ये पेरू आणि बोलिव्हिया ह्यांनी संरक्षणाचा करार केला, आणि १९७५ मध्ये 'साइट्स'ने व्यापार पूर्ण बंद केला. येथपर्यंत कथा चिरूसारखीच आहे.

फरक पडला तो १९७९ साली. त्या वर्षी लिमा येथे अँडीजमधील देशांनी जो नवा करार केला, त्याच्या आरंभीच असे तत्त्व मान्य केले गेले की विकुन्याचे संरक्षण हे त्या पर्वतावर राहणाऱ्या लोकांच्या उपजीविकेचे साधन व्हावे. वाक्य साधे आहे, पण त्याचा अर्थ मोठा आहे. ज्या गावकऱ्यांना आजवर चोरटे शिकारी समजले जात होते, त्यांना भागीदार करण्यात आले. ही भागीदारी प्रत्यक्षात यावयास बराच काळ लागला. मध्यंतरी १९८० च्या दशकात पेरूमध्ये सशस्त्र बंडाळी माजली, पम्पा गालेरासचे रक्षक निघून गेले आणि शिकारी पुन्हा मोकाट सुटले. परंतु १९८७ पासून जिवंत विकुन्याच्या कातरलेल्या लोकरीचे कापड विकण्यास 'साइट्स'ने टप्प्याटप्प्याने परवानगी दिली. १९९० च्या दशकात पेरूने लोकरीचा हक्क गावांना दिला. आणि शेकडो वर्षे खंडित झालेला चाक्कू पुन्हा सुरू झाला. आज दोरीला रंगीबेरंगी पताका बांधून म्हातारे, बायका, शाळकरी मुले असे सारे गाव पठारावर साखळी धरून चालते. एका प्राण्यापासून अवघी पाव किलोच्या आसपास लोकर निघते आणि दोन-तीन वर्षांनीच त्याची पाळी पुन्हा येते. पेरूच्या २०१२ च्या गणनेत त्या एका देशातच दोन लाखांहून अधिक विकुन्या आढळले.

माझ्यातील व्यापारी येथे गप्प बसत नाही. त्या लोकरीचा स्वेटर युरोपातील दुकानात हजारो डॉलरना विकला जातो आणि थंडीत साखळी धरून चालणाऱ्या गावकऱ्याच्या पदरी त्यातील अगदीच थोडा वाटा पडतो. पकडताना प्राणी घाबरतो, काही वेळा दगावतोही, अशी टीका अभ्यासक करतात आणि ती योग्य आहे. चोरटी शिकारही समूळ थांबलेली नाही. तरीसुद्धा दोन ताळेबंद शेजारी ठेवले तर फरक दिसतो. एकीकडे प्राणी वाचला आणि लोकांची कला मेली. दुसरीकडे प्राणी परतला आणि त्याच्यासोबत प्रथाही परतली. अर्थात चिरू कातरता येत नाही आणि विकुन्या कातरता येतो, हा निसर्गाचाच भेद आहे. काश्मीरला पेरूची युक्ती जशीच्या तशी लागू पडली नसती. पण बंदी घालताना त्या विणकराला विचारावयास तरी कोणी गेले होते का?

विचारण्याची ही पद्धत जगात फार अलीकडची आहे. १८७२ मध्ये अमेरिकेत यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले आणि तेथे हजारो वर्षे वावरणाऱ्या मूळ रहिवाशांना हळूहळू बाहेर काढण्यात आले. निसर्ग म्हणजे जेथे माणूस नाही अशी जागा, ही कल्पना तेथून जगभर पसरली आणि आपल्याकडेही आली. राजस्थानात भरतपूरचे पाणपक्ष्यांचे अभयारण्य प्रसिद्ध आहे. १९८२ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाल्यावर आसपासच्या गावांच्या म्हशींना तेथे चरावयास बंदी करण्यात आली. विरोध झाला, गोळीबार झाला, काही गावकऱ्यांचे प्राण गेले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी तेथे सुमारे दहा वर्षे अभ्यास केला, तेव्हा ज्या म्हशी पक्ष्यांना त्रासदायक मानल्या होत्या त्याच पाण्यातील दाट गवत खाऊन पक्ष्यांसाठी पाणी मोकळे ठेवीत होत्या असे आढळून आले. म्हशी गेल्या आणि उथळ पाणी गवताने भरून गेले. तेथील पक्ष्यांची समृद्धी ही पाणी, म्हशी आणि गुराखी ह्या तिघांची संयुक्त मिळकत होती. हा निष्कर्ष हाती आला तेव्हा माणसे मरून गेली होती.

अशा चुकांतूनच आंतरराष्ट्रीय धोरण शिकत गेले. १९८८ मध्ये ब्राझीलमधील बेलेम येथे जमलेल्या अभ्यासकांनी जाहीर केले की जीववैविध्य आणि संस्कृतीचे वैविध्य ही परस्परांपासून तोडता न येणारी आहेत. १९९२ मध्ये रिओ येथील वसुंधरा परिषदेत जैविक विविधतेचा करार झाला. भारत १९९४ मध्ये त्यात रीतसर सामील झाला. ह्या कराराच्या आठव्या कलमात एक पोटकलम आहे. आदिवासी आणि स्थानिक लोकसमूहांचे जे ज्ञान व ज्या प्रथा जीवसृष्टी टिकविण्यास उपयोगी आहेत, त्यांचा आदर करावा, त्या जतन कराव्यात, त्यांचा वापर त्या लोकांच्या संमतीने करावा आणि त्यातून होणारा लाभ त्यांनाही न्याय्य रीतीने मिळावा, असा त्याचा आशय आहे. मात्र पोटकलमाच्या आरंभीच 'राष्ट्रीय कायद्यांच्या अधीन राहून' अशा अर्थाचे शब्द आहेत. करारनाम्यात असे शब्द दिसले की व्यापारी माणूस चष्मा पुसून पुन्हा वाचतो. सरकारला पटले तरच, असा त्याचा व्यवहारातील अर्थ.

२००१ मध्ये युनेस्कोने आपल्या जाहीरनाम्यात म्हटले की निसर्गाला जशी जीववैविध्याची, तशी मानवजातीला सांस्कृतिक वैविध्याची गरज आहे. २००५ मध्ये टोकियो येथे युनेस्को व इतर संस्थांनी देवराया, पवित्र डोंगर, पवित्र सरोवरे ह्यांवर परिषद घेतली. आपल्या सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक ह्यांनी त्याच्या कितीतरी आधी, १९७० च्या दशकातच केला होता. २०१० मध्ये जपानमधील नागोया येथे लाभाच्या वाटपाचा स्वतंत्र करार झाला. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे २०३० पर्यंत पृथ्वीचा तीस टक्के भाग संरक्षित करण्याचे लक्ष्य ठरले, तेव्हा अनेक लोकसमूहांनी प्रश्न केला की तीस टक्क्यांसाठी पुन्हा आम्हालाच हलविणार का? त्यामुळे त्या लक्ष्यातच आदिवासी व स्थानिक लोकांच्या हक्कांचा उल्लेख करावा लागला. २०२४ मध्ये कोलंबियातील काली येथे तर ह्या लोकसमूहांचे विषय हाताळण्यासाठी कायमस्वरूपी स्वतंत्र समिती नेमण्याचा निर्णय झाला. एका पोटकलमाला कायमचे आसन मिळावयास बत्तीस वर्षे लागली. आपल्या देशातही २००२ च्या जैविक विविधता अधिनियमान्वये गावोगावी समित्या झाल्या असून प्रत्येक गावाने आपली लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. हरित न्यायाधिकरणाने मुदत घातल्यावर ह्या नोंदवह्या घाईघाईने लिहिल्या गेल्या, आणि पुष्कळ ठिकाणी एका गावाची नक्कल दुसऱ्या गावाने केल्यासारख्या त्या दिसतात. आपल्या गावची वही मी पाहिली आहे. तीत आपल्या कुरणाचे नाव नाही. त्याकडे मी शेवटी येतो.

ह्या साऱ्या घडामोडींत आपला समाज कोठे होता? १९८६ मध्ये, मी ती शाल घेतली त्याच वर्षी, इटलीतील असिसी येथे वन्यजीव निधीने पाच धर्मांच्या प्रतिनिधींना निसर्गरक्षणाच्या विचारासाठी बोलाविले. त्या पाचांत जैन नव्हते. जीवदया हा ज्यांचा प्राण, ते त्या पहिल्या पंक्तीत नसावेत ह्याचे मला आजही वाईट वाटते. पुढे २३ ऑक्टोबर १९९० रोजी डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी ह्यांनी लिहिलेला जैनांचा निसर्गविषयक जाहीरनामा लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात प्रिन्स फिलिप ह्यांना सादर करण्यात आला. त्यात तत्त्वार्थसूत्रातील जीवांच्या परस्पर उपकाराचा सिद्धांत जगापुढे ठेवला आहे. आपल्यापैकी ज्यांनी तो वाचला नसेल त्यांनी अवश्य वाचावा.

परंतु जाहीरनाम्यात जे सोपे असते ते व्यवहारात कठीण होते, आणि माझ्या मते येथेच आपली खरी कसोटी आहे. संस्कृती आणि जीवसृष्टी दोघींचे रक्षण करा असे जग म्हणते. पण एखाद्या संस्कृतीत हिंसाच असेल तर? युरोपीय संघाने २००९ मध्ये सीलच्या कातड्याच्या वस्तूंवर बंदी घातली. उत्तर ध्रुवाकडील बर्फात राहणाऱ्या इन्युइट लोकांना त्यातून सूट दिली, कारण तेथे शेती नाही आणि सील हेच त्यांचे अन्न व वस्त्र आहे. पण सूट कागदावर राहिली. सीलच्या मालाचे नाव बदनाम झाल्याने गिऱ्हाईकच उरले नाही आणि इन्युइटांचे उत्पन्न बुडाले. प्रकरण जागतिक व्यापार संघटनेत गेले. २०१४ च्या अंतिम निकालात सूट देण्याच्या पद्धतीत दोष काढले गेले, परंतु प्राण्यांच्या हालाविषयी लोकांच्या मनात असलेली नैतिक भावना हे व्यापारबंदीचे ग्राह्य कारण ठरू शकते हे मान्य झाले. हे वाचून जैन म्हणून मला आनंद झाला. मग मी माझ्याच दुकानातील मागच्या भिंतीकडे पाहिले.

त्या भिंतीवर पैठण्या आहेत. रेशमाचा अखंड धागा मिळावा म्हणून कोश किड्यासह उकळतात हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. आपल्या साधू-साध्वींनी रेशमाविषयी किती वेळा सांगितले आहे! तरी चाळीस वर्षे मी रेशीम विकले आणि लग्नसराईत सर्वांत मोठा नफा त्यातच कमावला. तेव्हा मी स्वतःला सांगत असे की पैठणी ही महाराष्ट्राची संस्कृती आहे, येवल्याच्या विणकराचे पोट तिच्यावर आहे. हे खोटे नव्हते. इन्युइट माणूसही हेच सांगतो. मग त्याला नैतिक उपदेश करण्याचा अधिकार मला कोठून आला? पतंग बाहेर पडल्यावर रिकाम्या कोशातून काढलेले अहिंसक रेशीम आता मिळते. त्याच्या साड्या मी गेली सहा वर्षे ठेवतो. चमक थोडी कमी, किंमत जास्त. दहा गिऱ्हाइकांत एखादे घेते, आणि ते बहुधा जैन नसते.

अनेकांत हा शब्द आपण व्यासपीठावर फार सहज वापरतो. विरुद्ध बाजूच्या माणसाजवळ जाऊन बसल्यावाचून तो समजत नाही, असे मला वाटू लागले आहे. आता कुरणाविषयी बोलतो.

आपल्या पांजरापोळीच्या मालकीचे साठ एकर कुरण आहे. पूर्वी धनगरांचे कळप दिवाळीनंतर कोकणाकडे उतरताना आणि मृगाआधी परत येताना तेथे काही दिवस मुक्काम करीत. २००९ मध्ये ट्रस्टने तारेचे कुंपण घातले आणि मेंढ्यांना बंदी केली. आपल्या गायींना चारा पुरत नाही आणि ह्या मेंढ्या अखेरीस कसायाकडे जातात, ही दोन कारणे ठरावात नमूद आहेत. ठराव मी मांडला होता. कुंपणाची देणगीही मीच गोळा केली.

पहिली दोन-तीन वर्षे गवत कमरेएवढे वाढले आणि आम्ही खूश होतो. नंतर मारवेल आणि पवन्या मागे पडले, कुसळी माजले, कडेने घाणेरी आणि गाजर गवत शिरले. परतणारे कळप उन्हाळ्यात वाळलेल्या काड्या खाऊन रान मोकळे करीत आणि लेंड्यांचे खत टाकून जात. ते बंद झाल्याने वाळलेले गवत तसेच उभे राहू लागले. २०१७ च्या वैशाखात वणवा लागला. वीस एकर कुरण आणि वर्षाची गंजी जळाली. जमिनीवर घरटी करणारे चंडोल, तित्तिर, त्यांची पिल्ले, सरडे, किती जीव गेले ह्याची गणती कोणी केली नाही. भरतपूरविषयी मी त्यानंतर वाचले.

गेल्या वर्षी मी एका वृद्ध धनगराला भेटावयास गेलो. त्यांना सगळे तात्या म्हणतात. पूर्वी आमच्याच दुकानातून ते धोतरजोडी नेत. कुंपणानंतर येणे बंद झाले होते. मी आगीची गोष्ट काढली. ते म्हणाले, "शेठ, तुम्ही कुंपण घातलं ते मेंढरांस्नी. आगीला कुठं तारंचं भ्या असतंय? आमी हुतो तवा आग दिसली की लिंबाचं डहाळं घिऊन रातीला पळायचो." लोकरीविषयी विचारले तर म्हणाले की आता काळ्या दख्खनी मेंढीची लोकर कोणी घेत नाही, कातरणीचा खर्चसुद्धा निघत नाही, ती उकिरड्यावर जाते. त्यामुळे पोरे दख्खनी मेंढी सोडून मांसाची माडग्याळ जात ठेवू लागली आहेत. घोंगडी विणणारी सनगरांची घरे तालुक्यात दोनच उरली आहेत.

बंधू-भगिनींनो, घरी येऊन मी माझे सामायिकाचे कटासणे हातात घेतले. कटासणे लोकरीचे, साधू-साध्वींची कांबळी लोकरीची, आणि त्यांच्या हातातील ओघ्याच्या दशाही लोकरीच्याच. सूक्ष्म जीवाला इजा होऊ नये म्हणून ज्या मऊ लोकरीने भूमी पुंजली जाते, ती मेंढी न मारता कोणीतरी कातरलेली असते. माझे कटासणे मात्र यंत्रावरच्या कृत्रिम धाग्याचे निघाले. मीच ते घाऊक दराने आणून उपाश्रयात वाटले होते. ज्या मेंढीच्या लोकरीला आमच्या क्रियेत मान आहे, तिच्या लोकरीला भाव राहिला नाही. आणि लोकरीला भाव नाही म्हणून ती मेंढी केवळ मांसाची झाली. ह्या खर्चात आपला वाटा किती, हे मला नीट काढता आलेले नाही.

मी विश्वस्त मंडळाला पत्र दिले आहे. धनगरांच्या कळपांना जाताना आणि येताना पंधरा-पंधरा दिवस कुरणात मुक्काम द्यावा. किती मेंढ्या, कोणत्या भागात, हे त्यांच्यासह बसून ठरवावे. आपल्या उपाश्रयांसाठी लागणारी कटासणी त्यांच्या लोकरीतून सनगरांकडून योग्य दराने विणून घ्यावीत. आणि गावच्या नोंदवहीत कुरणाचा व त्यांच्या वहिवाटीचा रीतसर उल्लेख व्हावा. दोन ज्येष्ठ विश्वस्तांचा ह्याला ठाम विरोध आहे. जीवदयेच्या देणगीने राखलेल्या गवतावर कसायाकडे जाणारी मेंढी का पोसावी, हा त्यांचा आक्षेप आहे. तो मी हलका मानीत नाही. १००९ दिवस विचार केला तरी तो पूर्णपणे सुटणार नाही. मी त्यांना इतकेच दाखविले की आपल्या कुंपणाने आजवर एकही मेंढी कसायापासून वाचलेली नाही. ती दुसऱ्याच्या रानात चरून त्याच बाजारात जाते. तात्यांना मी स्पष्ट विचारलेही होते की मेंढी विकणे थांबवाल का. ते म्हणाले, "न्हाई शेठ. खोटं कशाला बोलू?"

मंडळाची सभा अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी आहे. ज्या ठराववहीत कुंपणाच्या ठरावाखाली सूचक म्हणून माझी सही आहे, त्याच वहीत हा दुसरा ठराव मी मांडणार आहे. सभेला तात्यांनाही निमंत्रण दिले आहे. त्या सुमारास कळप कोकणातून परतीच्या वाटेवर असतो, तरी मुलाच्या हाती मेंढरे देऊन येतो, असे त्यांनी कळविले आहे.

 जिनाज्ञेच्या विरुद्ध काही बोललो असेन, कोणाचे मन दुखावले असेल, तर मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!